कंसातलं इंग्रजी

‘लिफ्ट बंद पडली’ एवढंच मुकादमांना फोनवर सांगायचं होतं. मराठीत हे वाक्य त्यांनी बावीस वर्षांत काही हजार वेळा उच्चारलं असेल आणि त्यातून कधी कुणाचं वाकडं झालं नव्हतं. पण त्यांची लिफ्टची कंपनी नव्या मालकांनी विकत घेतली, मुख्य कचेरी कुठल्या कुठे गेली, आणि तिथे फोन उचलणाऱ्यांत मराठी कळणारं एकही माणूस उरलं नाही. मुकादमांनी मनातल्या मनात वाक्य सोडवायला घेतलं. ‘बंद’ला शब्द आठवेना, ‘पडली’ला आठवला. मग त्यांनी बंद गाळलं आणि पडली तेवढं सांगितलं. “लिफ्ट फेल डाउन, सर. फ्रॉम फोर्थ फ्लोअर.”

अकराव्या मिनिटाला त्या इमारतीखाली दोन अँब्युलन्स, एक अग्निशामक बंब आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक वार्ताहर हजर झाला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये शांतपणे उभी होती आणि आत एक दातांचे डॉक्टर शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांना धडधाकट बघून अँब्युलन्सवाले जरा नाराजच झाले. एवढं आलोच आहोत तर म्हणून त्यांनी डॉक्टरांना स्ट्रेचरवर आडवं केलं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात नेमका तोच फोटो आला. फोटोत मागे तोंड लपवताना दिसतात ते आपले मुकादम.

आठवड्याच्या आत आस्थापना विभागाचं पत्र आलं. मुकादमांनी तीन महिन्यांत मुख्य कचेरीची इंग्रजी तोंडी परीक्षा उत्तीर्ण व्हावं, अन्यथा त्यांची बदली गोदामात करण्यात येईल. पगार तोच, काम कमी, बसायला खुर्ची. दुसरा कुणी असता तर त्याने पेढे नसते वाटले, पण निदान सुस्कारा तरी टाकला असता. मुकादमांनी मात्र पत्र पुन्हा एकदा वाचलं आणि तंबाखूची पुडी न उघडताच खिशात ठेवली.

कारण मुकादमांचं सगळं भांडवल म्हणजे त्यांचा कान. बंद दाराला कान लावून ते लिफ्टचं दुखणं सांगत. कर्र म्हणाली तर तेल हवंय, खडखड म्हणाली तर बोल्ट सुटलाय, आणि नुसतीच कण्हायला लागली तर वय झालंय. शिकून आलेले इंजिनियर यंत्रं लावून जे तासाभरात शोधत, ते मुकादम तंबाखू मळायच्या आत सांगून मोकळे होत. आता गोदामात काय ऐकायचं? तिथे नट असतात, बोल्ट असतात, पण त्यातलं कुणी बोलत नाही. उरलेली आठ वर्षं त्या मुक्या खोक्यांमध्ये काढायची या कल्पनेनेच त्यांना भरून आलं, आणि त्यांनी त्याच संध्याकाळी इंग्रजी संभाषणाच्या वर्गात नाव घातलं.

वर्गाच्या मॅडम त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाच्या आणि दुप्पट उत्साही होत्या. त्यांच्याकडे व्याकरण नव्हतं, पाठांतर नव्हतं. “ऐका, सिनेमे बघा आणि हसा,” एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. एकच सिनेमा घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा बघायचा, ऐकू येईल ते वहीत लिहायचं आणि मोठ्याने म्हणायचं. शिवाय दर तासाच्या शेवटी प्रत्येकाने एक चतुर वाक्य बोलून दाखवायचं. नमुना म्हणून मॅडमनी पहिल्याच दिवशी मुकादमांच्या धंद्यावर कोटी केली, “माय जॉब हॅज इट्स अप्स अँड डाउन्स.” सगळा वर्ग हसला. मुकादमांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि हात वर करून म्हणाले, “पण मॅडम, वर जाताना आणि खाली येताना वेग सारखाच असतो. ते आम्ही दर महिन्याला तपासतो.” यावर वर्ग आणखी हसला, आणि मुकादम खाली बसले ते तासभर पुन्हा उठले नाहीत.

खरी गंमत पुढेच होती. वर्गासाठी कामावरून लवकर सुटण्याची सवलत हवी असेल तर आस्थापनेचा एक तक्ता भरून द्यायचा होता. तक्त्याचं नाव ‘श्रवण-तास नोंदपत्रक’. चाळीस तास इंग्रजी ऐकल्याचा पुरावा, तीन प्रतींत, निळ्या शाईत, आणि प्रत्येक तासाखाली साक्षीदाराची सही. साक्षीदार नात्यातला चालणार नाही, अशी तळटीप.

“म्हणजे बायको बाद,” आस्थापनेतले कारकून एक बोट दुमडत म्हणाले. “घरात आणखी कोण?”

“सासरे आहेत. पण त्यांना ऐकू येत नाही.”

“मग ते तर दोनदा बाद. श्रवणाचा साक्षीदार बहिरा कसा चालेल, मुकादम?”

शेवटी समोरच्या दारातल्या पोस्टमास्तरांना गळ घालावी लागली. पोस्टमास्तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत त्यांच्याकडे कुणी सही मागितली नव्हती. ते लगेच कपडे बदलून, पेन, शाईचा ठसा आणि मनगटी घड्याळ घेऊन आले. मुकादमांना वाटलं होतं, शेजारधर्म म्हणून ते दहा-बारा सह्या एकदम ठोकून देतील. पण पोस्टमास्तरांनी खुर्ची टीव्हीकडे न करता मुकादमांकडे तोंड करून मांडली. पहिल्या दिवशी मुकादमांचा डोळा लागला ती चार मिनिटं त्यांनी वजा केली. दुधवाल्याला दार उघडायला गेले ती दोन. “एकोणपन्नास मिनिटं झाली,” असं सांगून ते चहाचा दुसरा कप मागत आणि उरलेल्या अकरा मिनिटांसाठी पुन्हा पहारा सुरू होई. बायकोने चौथ्या दिवशी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. सल्ले फुकट असल्यामुळे भरपूर आले. तळमजल्यावरची शिंपीणबाई म्हणाली, “भांडणाचा सिनेमा लावा. भांडताना माणसं स्पष्ट बोलतात.” वरच्या मजल्यावरच्या योगशिक्षकांनी तर शास्त्रीय उपाय काढला. एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देणं ही जर सगळ्यांची अडचण आहे, तर दुसऱ्या कानात कापूस घालावा. मुकादमांना हे पटलं. कापूस घातला, तो आत सरकला, आणि कानाच्या डॉक्टरांनी तो चिमट्याने काढेपर्यंत मुकादमांनी घाम गाळला. परीक्षेसाठी कान गमवायची वेळ आली होती. त्यानंतर त्यांनी योगशिक्षकांना जिन्यात ओळख देणं बंद केलं.

पण घोळ झाला तो पोस्टमास्तरांच्या सल्ल्याने. “मुकादम, तुम्ही सिनेमाच चुकीचा निवडताय,” ते म्हणाले. “यात माणसं फार बोलतात. कमी बोलणारा सिनेमा घ्या. जितकं कमी बोलतील तितकं तुम्हाला कमी समजून घ्यावं लागेल.” तर्क बिनतोड होता. शोधून शोधून एक सिनेमा काढला. समुद्राकाठी एक जुनं घर, त्यात एकटा राहणारा एक म्हातारा आणि त्याच्याकडे येऊन जाऊन असणारी एक विधवा. दोघंही बोलण्यापेक्षा दारं उघडण्यात आणि लावण्यात जास्त वेळ घालवत.

मुकादमांच्या टीव्हीवर चित्राखाली इंग्रजी अक्षरं येत. ती गेली कित्येक वर्षं येत होती, कारण सासरे त्यांच्यावरच गुजराण करत. सासरे, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, कोर्टात लघुलेखक होते. इंग्रजी त्यांचं उत्तम, पण कान गेलेले. त्यांच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहून. आता कुणी म्हणेल, घरात इंग्रजीचा एवढा जाणकार असताना मुकादमांनी वर्ग कशाला लावला? तर त्याला एकच उत्तर. सासऱ्यापुढे पाटी घेऊन बसणारा जावई तुम्ही पाहिलाय का कधी? मुकादमांना गोदाम परवडलं असतं, पण हे नाही.

तर मुकादम वही उघडून बसले. म्हातारा काहीतरी पुटपुटला, खाली अक्षरं आली, मुकादमांनी ‘आय हॅव’ एवढं लिहिलं तोवर अक्षरं गेली. विधवा बोलली. ‘बट यू’ लिहिलं, तीही गेली. मग दोघं गप्प झाले, दार करकरलं, आणि खाली कंसात दोन शब्द येऊन ठाण मांडून बसले. डोअर क्रीक्स. मुकादमांना ते सावकाश, वळणदार अक्षरात उतरवता आलं. पुढे पावलं वाजली. कंसात आलं, फूटस्टेप्स अप्रोचिंग. तेही उतरलं. मुकादमांना हर्ष झाला. मॅडम म्हणाल्या होत्या, ऐकू येईल ते लिहा. इथे जे कानाला ऐकू येत होतं तेच खाली लिहून येत होतं, आणि ते कंसात होतं म्हणजे महत्त्वाचं असणार. शाळेत नाही का, महत्त्वाचं असलं की गुरुजी चौकट करायला सांगत.

त्या दिवसापासून मुकादमांनी संवादांचा नाद सोडला आणि कंस धरले. म्हातारा खुर्चीत बसून दीर्घ उसासा टाकायचा तेव्हा खाली यायचं, साइज हेविली. मुकादमांनी ताडलं, इंग्रज माणूस दमला की असं म्हणतो. तिसाव्या तासापर्यंत त्यांची वही भरली. घरघर, खडखड, धप्प, फर्र, कुजबुज, दूरवरचा गडगडाट, एकही आवाज सुटला नव्हता. आणि मॅडमच्या सूचनेप्रमाणे ते सगळं मोठ्याने म्हणत. संध्याकाळी सात ते आठ घरात “थंडर रंबल्स!” आणि “ग्लास शॅटर्स!” अशा आरोळ्या उठत. पोस्टमास्तर घड्याळाकडे बघत मान डोलावत, आणि खिडकीशी बसलेले दादा जावयाच्या हलणाऱ्या ओठांकडे कौतुकाने पाहत.

वर्गात याचा परिणाम भलताच झाला. मॅडमनी विचारलं, “हाऊ आर यू टुडे?” मुकादम दिवसभर जिने चढून आले होते. ते खरं तेच बोलले, “साइज हेविली.” हास्याचा स्फोट झाला. तेवढ्यात एक उशिरा येणारी बाई दार ढकलून आत आली. मुकादमांच्या तोंडून आपोआप निघालं, “डोअर क्रीक्स. फूटस्टेप्स अप्रोचिंग.” एक जण हसता हसता बाकावरून घसरला. “थड,” मुकादम म्हणाले. मॅडमनी डोळे पुसले. “याला म्हणतात चतुर भाषा! सरळ चेहरा ठेवून बोलतात बघा कसे.” मुकादमांचा चेहरा सरळच होता, कारण लोक कशाला हसतायत हे त्यांना कळलं नव्हतं. पण सलग तीन आठवडे चतुर वाक्याचा पहिला क्रमांक त्यांना मिळाला, आणि मान मिळतोय म्हटल्यावर कारण विचारायचं नसतं, एवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, “परीक्षा म्हणजे आता हातचा मळ.”

परीक्षेला पाच दिवस उरले असताना एका नऊ मजली इमारतीत लिफ्ट बंद पडली. बंद पडलेली लिफ्ट वरच्या यंत्रखोलीत दुरुस्त करायची म्हणजे नऊ मजले पायी. मुकादम वर पोहोचतात न पोहोचतात तोच खिशातला फोन वाजला. मुख्य कचेरीतून एक बाई बोलत होत्या. आवाज करडा, स्वच्छ. “गुड मॉर्निंग. हाऊ आर यू?”

मुकादम भिंतीला टेकून धापा टाकत होते. या अवस्थेला सिनेमात काय म्हणतात हे त्यांना पक्कं पाठ होतं. “हेवी ब्रीदिंग,” ते म्हणाले.

पलीकडून प्रश्न आला, “एक्सक्यूज मी?”

“हेवी ब्रीदिंग कंटिन्यूज,” मुकादमांनी खुलासा केला. आणि उत्तर अर्धवट वाटू नये म्हणून पुढे म्हणाले, “ग्रोज लाउडर.”

फोन बंद झाला. मुकादमांना वाटलं, लाइन गेली.

दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. कारकुनांनी ती दार लोटून घेऊन मराठीत वाचून दाखवली. ‘आपण दूरध्वनीवरून एका महिला अधिकाऱ्यापाशी स्वतःच्या श्वासोच्छ्वासाचे अनुचित व चढत्या क्रमाने वर्णन केल्याचे निदर्शनास आले आहे. सबब लेखी खुलासा करावा.’

“मुकादम,” कारकून हळूच म्हणाले, “या वयात?”

घरी बायकोने नोटीस दोनदा ऐकली आणि कमरेवर हात ठेवले. “कोणापाशी काय वर्णन केलंत म्हणे?”

“अगं, दम लागला होता मला! नऊ मजले चढून गेलो होतो!”

“बावीस वर्षं दम लागतोय. एवढ्या वर्षांत कधी कुणाला फोन करून नाही सांगितलंत ते.”

“मी नाही केला फोन, तिने केला!”

“म्हणजे नंबरही आहे तिच्याकडे,” असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, आणि भांड्यांचे जे आवाज यायला लागले त्यांना मुकादमांच्या वहीतसुद्धा शब्द नव्हते.

आता इलाज नव्हता. खुलासा इंग्रजीत द्यायचा होता. जावयाचा मान गुंडाळून मुकादम दादांपुढे जाऊन बसले, नोटीस दिली, वही दिली आणि पाटीवर लिहिलं, ‘काय चुकलं?’ दादांनी चष्मा लावून नोटीस वाचली, मग वही. पानं उलटत गेले तसतशा त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

“अहो जावईबापू,” ते त्यांच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “हे बोलायचं इंग्रजी नाही. हे कंसातलं आहे. आम्हा बहिऱ्यांना कळावं म्हणून लिहितात, की आता दार वाजलं, आता कुणी रडलं. माणसं असं बोलत नाहीत.”

मुकादमांच्या हातातला खडू पडला. चाळीस तासांपैकी अडतीस भरले होते. तीन प्रतींत, निळ्या शाईत, ठसा मारून. एवढ्या काळात ते इंग्रजीतलं एक वाक्यसुद्धा शिकले नव्हते, नुसते आवाज जमवले होते. वर्गातलं हसू त्यांना आता एकदम कळलं आणि कानशिलं तापली. त्यांनी पाटीवर करकरून लिहिलं, ‘मग इतके दिवस बोलला का नाहीत?’

दादांनी पाटी वाचली. “मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी वाचताय,” ते म्हणाले. “बारा वर्षं मी ते कंस एकटाच वाचतोय. घरात दुसरं कुणी त्यांच्याकडे बघत नाही, तुम्हाला गरजच नाही. तुम्हाला रोज ते म्हणताना बघितलं, आणि बरं वाटलं. म्हणून नाही बोललो.”

यावर मुकादमांना रागावता येईना. त्यांनी नुसतीच पाटी पुसली.

खुलासा दादांनी लिहिला. कोर्टातलं इंग्रजी ते, एकेक वाक्य दीड पान. आस्थापनेत ते कुणालाच समजलं नाही, त्यामुळे दाखल करून घेण्यात आलं. बायकोला मात्र दादांनी मराठीत समजावलं, तेव्हा कुठे साखरेचा डबा खाली आला.

परीक्षा कंपनीच्याच इमारतीत होती, बाराव्या मजल्यावर. चार दिवसांत काही नवं शिकणं शक्य नव्हतं. मुकादम नवा शर्ट घालून, नोंदपत्रक आणि वही घेऊन आत गेले तेव्हा त्यांना मनातून गोदामाचा वास येत होता. टेबलामागे मुख्य कचेरीहून आलेल्या एक उंच बाई बसल्या होत्या, बाजूला आस्थापनेतले कारकून. बाई म्हणाल्या, “गुड मॉर्निंग.” मुकादमांना दोन शब्द पुरे झाले. ज्या कानाने बाराशे लिफ्टचे आवाज लक्षात ठेवले, तो हा आवाज विसरणार होता थोडाच? फोनवाल्या बाई त्या ह्याच.

“टेल मी अबाउट युवर वर्क.”

मुकादमांनी ठेवणीतलं वाक्य काढलं. “माय जॉब हॅज इट्स अप्स अँड डाउन्स.”

बाई हसल्या नाहीत. सकाळपासून सहा मेकॅनिक येऊन गेले होते, सगळे त्याच वर्गाचे, आणि सहाही जणांनी तेच वाक्य टाकलं होतं. बाईंनी वही पुढे ओढली आणि पानं उलटायला सुरुवात केली. पहिल्या पानावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. पाचव्या पानावर त्यांनी मुकादमांकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं. मग त्यांनी काहीतरी विचारलं. मुकादम गप्प. पुन्हा विचारलं, जरा सावकाश. मुकादम गप्पच. कारकून खोकले. तिसऱ्यांदा बाईंनी तोंड उघडलं, आणि मुकादमांनी हात वर करून चक्क परीक्षकबाईंनाच गप्प केलं.

“फेंट स्क्रेपिंग,” ते म्हणाले.

भिंतीपलीकडे इमारतीची लिफ्ट चालली होती. लोक आत शिरत होते, बाहेर पडत होते. त्या गलबल्यात काहीतरी बारीक खरवडत होतं. मुकादमांनी डोळे मिटून घेतले. “सेव्हन्थ फ्लोअर. एट्थ. नाइन्थ.” कपाळावरची शीर उठली. “ग्रोज लाउडर.”

कारकून ताडकन उभे राहिले. नोटिशीतले शब्द त्यांना तोंडपाठ होते. पण बाईंनी त्यांना खाली बसायची खूण केली.

भिंतीपलीकडे लोखंड किंचाळलं. “मेटॅलिक स्क्वील,” मुकादम म्हणाले. “थड. थड अगेन.” आणि परीक्षा, शर्ट, गोदाम सगळं विसरून ते खुर्ची मागे सारून धावत सुटले. गच्चीवरच्या यंत्रखोलीत जाऊन लिफ्ट रिकामी होऊन बाराव्या मजल्याला लागेपर्यंत थांबले आणि मुख्य स्विच खाली ओढला. खाली आले तर बाई लिफ्टच्या दारात उभ्या. मुकादमांनी किल्लीने दार उघडलं, बॅटरी मारली. लिफ्टला रुळावर धरून ठेवणारा जो जोड असतो, ज्याला मेकॅनिक शू म्हणतात, तो एका बाजूने पार झिजून गेला होता. रुळावर ताजा ओरखडा चमकत होता. कागदोपत्री ही लिफ्ट गेल्याच आठवड्यात तपासलेली होती.

“शू,” मुकादम म्हणाले. “शू फिनिश्ड.”

बाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

“नॉट माय शू! लिफ्ट शू!” त्यांनी रुळावरून बोट फिरवलं आणि त्यावरचा लोखंडाचा चुरा बाईंपुढे धरला. बाईंनी तो स्वतःच्या बोटावर घेतला. लिफ्ट कंपनीत नोकरी असल्याने चुरा कशाचा हे त्यांना सांगावं लागलं नाही. मग त्यांनी कानाकडे बोट केलं आणि भुवयांनीच विचारलं, आणखी काय ऐकू येतंय?

मुकादमांनी ऐकलं. “क्लॉक टिकिंग,” ते म्हणाले. आणि मागे उभ्या असलेल्या कारकुनांकडे न बघता, “मॅन मटरिंग.” कारकून पुटपुटायचे थांबले. बाईंनी ओठ चावला आणि वही काखेत घेऊन त्या आत गेल्या.

निकाल दोन आठवड्यांनी आला. कारकुनांनी पाकीट फोडून कागद उजेडात धरला. “श्रवण, वीसपैकी वीस. संभाषण, वीसपैकी आठ. उत्तीर्ण व्हायला आठच लागतात. पण मुकादम, इथे एक मेख आहे. शेऱ्याच्या रकान्यात कंसात काहीतरी लिहिलंय.”

“काय?”

“एकच शब्द आहे. अप्लॉज. मला नाही माहीत. पण चांगलं असतं तर उघड लिहिलं असतं ना? कंसात घालतात ते तोंडावर सांगण्यासारखं नसतं म्हणूनच.” त्यांनी टेबलावर दोन आदेश शेजारी शेजारी ठेवले. एक कायम ठेवल्याचा, एक गोदामाचा. “शेरा प्रतिकूल नाही असा लेखी खुलासा उद्या दुपारपर्यंत आणा. मी तरी काय करणार? नियम आहे.”

मुकादम रस्ताभर तो शब्द तोंडात घोळवत घरी आले. वही चाळली. करकर होती, गडगडाट होता, उसासे तर पानोपानी होते, पण हा शब्द कुठेच नव्हता. त्या समुद्राकाठच्या घरात असलं काही कधी घडलंच नव्हतं. बायको दारात येऊन उभी राहिली, समोरून पोस्टमास्तर आले. यावेळी मुकादमांना कुणाची लाज वाटली नाही. ते सरळ दादांपुढे जाऊन बसले, निकालाचा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘कंसातल्या शब्दाचा अर्थ सांगा. त्यावर नोकरी आहे.’

दादांनी कागद डोळ्यांजवळ नेला. वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. कागद बाजूला ठेवून, गुडघ्यांवर हात टेकत ते कसेबसे उभे राहिले आणि दोन्ही तळवे उंच धरून टाळ्या वाजवायला लागले. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे त्या किती जोरात वाजतायत याचा त्यांना अंदाज नव्हता. वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं.

मुकादम पाटी धरून वाट बघत राहिले. टाळ्या थांबेनात, तेव्हा त्यांचा धीर सुटला.

“अहो दादा,” ते कळवळून ओरडले, “टाळ्या नंतर वाजवा, आधी अर्थ सांगा!”